दूरदेशींचे वर्गबंधु

हल्लीं पुण्यामुंबईंतील बऱ्याच इंग्रजी शाळांच्या दारावर जे नाना प्रकारचे फलक झळकत असतात, त्यांत एका नव्या फलकाची भर पडली आहे. आपली शाळा अमुक इतक्या देशांतील शाळांशीं जोडलेली आहे, आपल्या वर्गास आतां भिंती उरल्या नाहींत, आपला विद्यार्थी हा जगाचा नागरिक आहे, अशा आशयाचा तो मजकूर असतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक तो वाचतात, आणि शुल्काचा आंकडा पाहून बसलेला धक्का त्यायोगें कांहींसा हलका होतो. जगाशीं जोडलें जाणें वाईट आहे असें म्हणणारा मनुष्य आजच्या काळीं शोधूनहि सांपडणार नाहीं, आणि आम्हीहि तसें म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, हीं मंडळी ज्यास जोडणें म्हणतात तें बहुधा नुसतें दाखविणें असतें. आणि ज्या थोड्या ठिकाणीं वर्गास वर्ग खरोखर जोडले गेले तेथें तें ज्या कारणांनीं साधलें, तीं कारणें आमच्या शाळांनीं नेमकीं बाजूस सारलीं आहेत.

दोन वर्षांपूर्वीं अशाच एका शाळेच्या सभागृहांत पाहुणे म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला होता. व्यासपीठावर भिंतभर पडदा लाविला होता व त्यावर युरोपांतील एका लहानशा देशांतील सातवीआठवीच्या वयाचीं मुलें दिसत होतीं. आमच्या बाजूचीं मुलें सणावाराचा दिवस नसतांना फेटे बांधून व नऊवारी नेसून बसलेलीं. प्रत्येकाच्या वांट्यास इंग्रजीचें एकएक वाक्य आलें होतें आणि तें त्यानें पंधरा दिवस खपून पाठ केलें होतें. एकानें दिवाळी सांगितली, एकीनें गणेशोत्सव सांगितला, एकानें ताजमहाल सांगितला. ह्या शेवटच्या मुलानें ताजमहाल पाहिलेला नाहीं हें त्याच्या वडिलांनींच शेजारीं बसून आमच्या कानांत सांगितलें. पलीकडच्या मुलांनींहि आपले सण, आपले पदार्थ आणि आपला फुटबॉल ह्यांची हजेरी दिली. सर्व कांहीं वेळापत्रकाबरहुकूम चाललें होतें. शेवटीं पलीकडच्या एका मुलीनें एक प्रश्न केला. तो यादीबाहेरचा असावा. मैदानावर खेळतांना तुमचें भांडण होतें तेव्हां तुम्ही कोणत्या भाषेंत भांडतां, असें तिनें विचारलें.

आमच्या मुलांत एकदम हंशा पिकला. त्या चाळीस मिनिटांत त्यांच्या तोंडावर आलेलें तें पहिलेंच मनापासूनचें हसूं होतें. एक मुलगा 'मराठी' असें म्हणतच होता, तोंच शिक्षिकाबाईंनीं ध्वनिवर्धक आपल्याकडे घेऊन, आमच्या शाळेंत मुलें नेहमीं इंग्रजींतच बोलतात, असें उत्तर देऊन टाकिलें. मग आभारप्रदर्शन झालें, छायाचित्रें निघालीं. तीनचार महिन्यांनीं त्या बाई भेटल्या असतां, त्या मुलीस मागाहून कोणीं पत्र लिहिलें काय, असें आम्हीं विचारलें. "नाहीं सर, ती ॲक्टिव्हिटी पूर्ण झाली," असें त्या म्हणाल्या. बाईंस आम्ही दोष देत नाहीं. त्यांस जो अहवाल भरून द्यावयाचा होता त्यांत पत्राचा रकानाच नव्हता.

वर्ग जोडण्याची कल्पना संगणकाच्या पोटीं जन्मली अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती चुकीची आहे, आणि पुढच्या बऱ्याच चुकांचें मूळ तिच्यांतच आहे. सेलेस्तँ फ्रेने ह्या नांवाचा एक शिक्षक दक्षिण फ्रान्समध्यें ग्रास शहरावरच्या डोंगराळ मुलुखांत बार-स्युर-लू ह्या खेड्यांत १९२० पासून शिकवीत असे. पहिल्या महायुद्धांत त्याच्या फुप्फुसास जबर जखम झाली होती, आणि तासन्‌तास उभें राहून बोलणें त्याच्या छातीस झेपत नसे. १९२४ मध्यें त्यानें वर्गांत एक लहानसा हातछापखाना आणिला. मुलांनीं गांवांत हिंडून यावें, पाहिलेलें सांगावें, मग लिहावें, स्वतःच्या हातांनीं खिळे जुळवावे आणि छापावें, असा क्रम सुरू झाला. छापलेला कागद वाचणार कोण, हा प्रश्न मग आपोआपच उभा राहिला. त्याचें उत्तर १९२६ मध्यें देशाच्या दुसऱ्या टोकाकडून आलें. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगं गांवच्या शाळेंत रने दानिएल ह्या शिक्षकानेंहि तसाच छापखाना बसविला, आणि डोंगरांतल्या मुलांचे छापील कागद समुद्रकांठच्या मुलांकडे व तिकडचे इकडे टपालानें जाऊं येऊं लागले. ह्या प्रकारास तारा लागल्या नाहींत, पडदे लागले नाहींत. लागलीं तीं पोस्टाचीं तिकिटें.

ह्या पत्रव्यवहाराचें मर्म आमच्या मतें असें आहे. गांवचा ओढा कोठें आहे हें वर्गांतील मास्तरास ठाऊक असतें. म्हणून मास्तरासाठीं निबंध लिहिणारा मुलगा 'आमच्या गांवीं एक सुंदर ओढा आहे' एवढें लिहून मोकळा होतो. परंतु ज्यानें तो ओढा कधीं पाहिला नाहीं, ज्याच्या गांवीं ओढ्याऐवजीं भरतीओहोटी आहे, असा मुलगा आपला कागद वाचणार आहे हें एकदां कळलें, म्हणजे ओढ्याची रुंदी, उन्हाळ्यांतलें त्याचें पाणी, त्यावरचा सांकव, सर्व सांगणें भाग पडतें. आणि सांगावयास बसलें म्हणजे आपणांस तें नीटसें ठाऊक नाहीं हें ध्यानांत येऊन मुलगा पुन्हां ओढ्यावर जातो. दूरच्या वाचकामुळें मुलाचें लक्ष जवळच्या वस्तूवर येतें. सभागृहांतल्या त्या फेटेवाल्या मुलांचें लक्ष कोठें होतें हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. तें आपल्या पाठ केलेल्या वाक्यावर होतें.

हें केवळ आमचें तर्कट नव्हे. संगणकांच्या जाळ्यावरून वर्ग जोडण्याचे पहिले प्रयोग चालू असतांना मोशे कोहेन आणि मार्गारेट रील ह्यांनीं एक साधी गोष्ट तपासून पाहिली, आणि तिचा वृत्तांत १९८९ मध्यें 'अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च जर्नल' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. इस्रायलांतील सातवीच्या मुलांकडून त्यांनीं एकाच विषयावर दोनदां लिहवून घेतलें: एकदां शिक्षकासाठीं, परीक्षेच्या गुणांकरितां, आणि एकदां परदेशांतील आपल्या वयाच्या मुलांसाठीं. दोन्ही लेखनें तपासलीं असतां मुलांसाठीं लिहिलेलें लेखन सरस ठरलें. एका प्रयोगावर सिद्धांताची इमारत उभारूं नये हें आम्हांसहि कळतें. तथापि ज्या गुणांच्या भयानें आमच्या शाळा सर्व कारभार चालवितात, तें भय मुलाच्या लेखणींतून जें काढूं शकलें नाहीं तें एका अनोळखी वाचकानें काढलें, ही गोष्ट कोणाहि पालकानें दोनदां वाचावी अशी आहे.

रीलबाईंनीं पुढें ह्याच अनुभवावरून 'लर्निंग सर्कल' ह्या नांवाची एक पद्धति बसविली. निरनिराळ्या मुलुखांतील सातआठ वर्गांचें एक मंडळ करावयाचें. प्रत्येक वर्गानें आपला एक विषय मांडावयाचा आणि इतर प्रत्येक वर्गाच्या विषयास आपल्या गांवची माहिती पुरवावयाची. शेवटीं सर्वांनीं मिळून एक पुस्तक सिद्ध करावयाचें. ह्या पद्धतीची खुबी अशी कीं, एका वर्गानें आळस केला तर सहासात वर्गांचें पुस्तक अपुरें राहतें. म्हणजे येथें लोकलज्जा आहे, आणि शाळकरी मुलास ती गुणांहून अधिक लागते. १९८८ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील बारा व मॉस्कोंतील बारा शाळा जोडून जो उपक्रम निघाला, त्यांतूनच पुढें 'आयअर्न' ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. तेथील प्रत्येक प्रकल्पास एक प्रश्न विचारला जातो, कीं ह्या कामानें ह्या भूतलावरील जगणें कांहीं सुधारणार आहे काय. प्रश्न भारदस्त आहे, थोडा अधिकच भारदस्त आहे असेंहि कोणी म्हणेल. परंतु तो विचारल्यावर नुसते फेटे बांधून बसतां येत नाहीं, एवढें खरें.

ह्या सर्वांतून आमच्याकडे काय आलें? आमच्याकडे आला तो व्हिडिओ कॉल. त्यांतल्या त्यांत लोकप्रिय झालेला प्रकार म्हणजे 'मिस्टरी स्काइप' हा खेळ. दोन वर्ग पडद्यावर समोरासमोर येतात, आणि ज्यांचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच देतां येईल असे प्रश्न विचारून समोरचा वर्ग कोणत्या देशांतला हें ओळखतात. तुमचा देश विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे काय? त्यास समुद्रकिनारा आहे काय? खेळ म्हणून तो मौजेचा आहे, नकाशा उघडावयास लावणारा आहे, आणि पावसाळ्यांतल्या एखाद्या कंटाळवाण्या तासास त्याला आमची हरकत नाहीं. परंतु देश ओळखला कीं खेळ संपतो. जेथें ओळख व्हावयास सुरुवात व्हावी नेमकें तेथेंच दोन्ही वर्ग टाळ्या वाजवून उठतात. आणि ज्या स्काइपच्या नांवानें हा खेळ ओळखला जाई तें स्काइपहि ५ मे २०२५ रोजीं त्याच्या मालक कंपनीनें कायमचें बंद केलें. शाळेचें कपाट कंपनीच्या घरांत ठेवलें म्हणजे घरमालकानें सांगितल्या दिवशीं तें रिकामें करावें लागतें. फ्रेनेच्या मुलांचा कागद निदान त्यांच्या हातीं उरला होता.

व्हिडिओ कॉलाचा दुसरा दोष भूगोलाचा आहे, आणि गंमत अशी कीं जग जोडणाऱ्या मंडळींस तो क्वचितच आठवतो. आमच्या शाळेंत सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हां लंडनमध्यें ऋतुमानाप्रमाणें पहांटेचे पांच किंवा सहा झालेले असतात, आणि न्यूयॉर्कमध्यें मध्यरात्र किंवा रात्रीचा एक. समोरासमोर बसावयाचें म्हणजे कोणत्या तरी एका बाजूच्या लेंकरांनीं झोपमोड केली पाहिजे, आणि ती बाजू कोणती असते हें आम्हीं सांगावयास नको. पत्रास ही अडचण नाहीं. पत्र वाट पाहतें. तें रात्रीं पोंचलें तरी सकाळीं वाचतां येतें, न कळलें तर पुन्हां वाचतां येतें, बुजऱ्या मुलासहि उत्तराचे शब्द जुळवावयास चार दिवस मिळतात. पडद्यासमोर वर्गांतलीं तींच चार चुणचुणीत मुलें बोलतात. पत्र चाळिसांसहि लिहितां येतें. आजचें पत्र ई-मेलनें क्षणांत जातें हा लाभच आहे. क्षणांत गेलेल्या पत्रास क्षणांतच उत्तर दिलें पाहिजे असा दंडक कोणीं घातला आहे?

आतां दूरच्या वर्गाची गरज खरोखर केव्हां पडते, ह्याचें एक उदाहरण देतों. इसवीसनापूर्वीं तिसऱ्या शतकांत इराटोस्थेनीस ह्या ग्रीक विद्वानानें पृथ्वीचा परीघ मोजला. ज्या दिवशीं दक्षिणेकडे सायीनी, म्हणजे आजच्या आस्वान, येथें मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्याच दिवशीं उत्तरेस अलेक्झांड्रियांत तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असतो. म्हणून ह्या दोन गांवांमधील अंतराच्या पन्नासपट पृथ्वीचा परीघ. हें गणित दोन ठिकाणांवांचून होतच नाहीं. एका गांवचा पंडित कितीहि बुद्धिमान असला तरी त्यास दुसऱ्या गांवच्या सावलीची खबर लागते. न्यू जर्सींतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटनें हाच प्रयोग अनेक देशांतील शाळांकडून इंटरनेटवर करून घेतला आहे.

आमच्या शाळांनीं नकाशा पाहिला असता तर त्यांस असें दिसलें असतें कीं, सावंतवाडी आणि नाशिक हीं दोन गांवें जवळ जवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. अक्षांशांत सुमारें ४.१ अंशांचा फरक, आणि सरळ अंतर सुमारें ४५५ किलोमीटर. २१ मार्चच्या सुमारास दोन्ही गांवच्या मुलांनीं मैदानांत एक मीटर उंचीची काठी उभी रोवावी आणि सूर्य माथ्यावर असतां तिची सावली मोजावी. हा मध्यान्ह घड्याळांतल्या बाराला येत नाहीं. आपलें घड्याळ साडेब्यायशीव्या रेखांशावर लावलेलें असल्यामुळें तो १२ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास येतो, आणि हें शोधून काढतांनाच मुलांस एक तास पुरणार नाहीं. सावंतवाडीस सावली साडेअठ्ठावीस सेंटिमीटरांच्या आसपास भरेल, नाशकास छत्तिसांच्या. त्यावरून कोन निघतो, कोनावरून परीघ, आणि तो चाळीस हजार किलोमीटरांच्या जवळपास यावयास पाहिजे. (मे महिन्यांत शून्य सावलीच्या दिवशीं हा प्रयोग अधिक नाट्यमय झाला असता, परंतु त्या वेळीं शाळांस सुटी असते; सूर्यास शिक्षणखात्याचें परिपत्रक पोंचलेलें नाहीं.)

तो तितका जवळपास येईल असें मात्र नाहीं. काठी थोडी कलली, किंवा सावलीची पुसट कड वाचतांना एका सेंटिमीटराचा फरक पडला, कीं कोनांत अर्ध्या अंशाची चूक होते. आणि चार अंशांत अर्धा अंश म्हणजे आठवा हिस्सा. पृथ्वी एकदम पांच हजार किलोमीटरांनीं फुगते किंवा आक्रसते. मुलांस हें आंकडे जुळत नाहींत म्हणून वाईट वाटेल, आणि तेथेंच शिक्षकानें त्यांस विचारावें कीं आतां काय करावें. एखादें चलाख पोर उत्तर देईल, कीं आणखी दूरची शाळा शोधावी. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक नाशकाच्या जवळपास त्याच रेखावृत्तावर आहे, पण सुमारें तेवीस अंश उत्तरेस. तिकडची सावली त्याच दिवशीं ९३ सेंटिमीटरांच्या घरांत पडेल. तीच अर्ध्या अंशाची चूक आतां शेंचाळिसावा हिस्सा होऊन बसते. जग जोडण्याची गरज ती ही. बिश्केकचा वर्ग येथें शोभेस आणलेला नाहीं. त्याच्यावांचून नाशकाचें उत्तर सुधारत नाहीं, आणि नाशकावांचून त्यांचें निघत नाहीं. तिकडचीं मुलें किर्गिझ किंवा रशियन बोलतील, आमचीं मराठी. सावलीच्या आंकड्यास दोन्ही भाषा सारख्याच.

भाषेचा विषय निघालाच आहे तर प्रतिपक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें विचारांत घेऊं. तें असें: जगाचा व्यवहार इंग्रजींत चालतो, परदेशच्या मुलांशीं बोलण्याच्या निमित्तानें आमच्या मुलांची इंग्रजी सुधारते, आणि गरिबाच्या मुलास तर ही संधि अधिकच हवी. शिवाय फ्रेनेचें उदाहरण देणारांनीं हेंहि सांगावें कीं, त्रेगंच्या परिसरांत घरोघर ब्रेटन बोलत असत व मुलें लिहीत होतीं फ्रेंच. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास आमच्याजवळ पुरें उत्तर नाहीं. शाळेची भाषा आणि घरची भाषा ह्यांतलें तें अंतर फ्रेनेनेंहि भरून काढलें नव्हतें. आम्ही स्वतः इंग्रजी शिकलों, तिच्यावर पोट भरलें, आणि तिच्यांतून जें मिळालें त्याचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु इंग्रजी शिकविणें हा एक हेतु आहे आणि मुलास कांहीं सांगावयास लावणें हा दुसरा. पहिल्याचें नांव घेऊन दुसऱ्याची बोळवण होते, ती आम्हांस मान्य नाहीं. ज्या भाषेंत मुलगा भांडतो त्याच भाषेंत त्याच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं असतें. परक्या भाषेंत त्याच्याजवळ प्रथमतः फक्त पाठ केलेलें असतें. नॉर्वेंत १९९० मध्यें निघालेल्या 'किडलिंक' ह्या उपक्रमांत मुलांनीं आधीं मी कोण, मोठेपणीं मला काय व्हावयाचें आहे, अशा चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं असत. आणि त्यांतील गप्पांस इंग्रजीखेरीज इतर भाषांचींहि स्वतंत्र दालनें होतीं. त्या काळीं भाषांतरास माणूस लागे. आज मराठी मजकुराचें भाषांतर यंत्र क्षणांत करून देतें. तें अनेकदां हास्यास्पद असतें हें खरें, परंतु तें तपासून दुरुस्त करणें हाच वरच्या वर्गांस इंग्रजीचा उत्तम अभ्यास होईल. मग सातवींतल्या मुलानें भांडणाची भाषा लपविण्याचें कारण काय?

दूरचा वाचक मराठी वाचणारा असूं शकत नाहीं, हीहि एक गैरसमजूतच आहे. मॉरिशस बेटांत सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी हा एक ऐच्छिक विषय आहे. एकोणिसाव्या शतकांत उंसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलेल्या ज्या मराठी कुटुंबांचे हे वंशज, त्यांतलीं पुष्कळशीं कोंकणपट्टींतलीं. तीं मुलें घरीं बहुधा क्रिओल बोलतात आणि शाळेंत मराठी शिकतात. त्यांच्या मराठीस पुस्तकाबाहेरचा जिवंत वाचक हवा आहे. रत्नागिरीच्या एखाद्या शाळेस उंसाचें बेट म्हणजे काय, चक्रीवादळ आलें म्हणजे तेथें काय करितात, गणपति समुद्रांत कसा सोडितात, हें त्यांच्याखेरीज कोण सांगणार? आणि घड्याळहि अनुकूल आहे. रत्नागिरीस साडेदहा तेव्हां तेथें नऊ. दोन्ही शाळांची प्रार्थना नुकतीच आटोपलेली. अमेरिकेंत मराठी मंडळांनीं शनिवार-रविवारीं चालविलेल्या मराठी शाळा आहेत, त्यांचीहि गोष्ट हीच. जग जोडूं पाहणाऱ्या आमच्या संस्थाचालकांस हे वर्ग दिसत नाहींत, कारण ते वर्ग फलकावर शोभत नाहींत.

आणि ज्यांस मॉरिशस दूर वाटतें त्यांनीं आपलाच जिल्हा पाहावा. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण आमच्या लोकांनींच केली. पुण्यांतल्या ज्या मुलानें त्या युरोपीय वर्गास ताजमहाल सांगितला, त्यानें वेल्ह्याच्या डोंगरांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेंतील आपल्या वयाच्या मुलास एक ओळ कधीं लिहिली असेल काय? भाताची लावणी कशी होते हें त्यास त्या मुलाइतकें नीट सांगणारा युरोपांत कोणी नाहीं. युरोपनें २००५ मध्यें 'ई-ट्विनिंग' ही योजना काढली तेव्हां त्यांनीं आधीं आपल्या आपल्यांतल्या, एकमेकांशेजारच्या देशांतल्या शाळा जोडल्या. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या राष्ट्रांचीं मुलें एका कामावर बसवावीं असा त्यांत विचार होता. आम्ही मात्र शेजार ओलांडून थेट पलीकडच्या खंडांत उतरतों. अर्थात् वेल्ह्याच्या शाळेस जाळें पोंचलें आहे कीं नाहीं हाहि प्रश्न आहेच. सरकारच्याच २०२३-२४ च्या आंकड्यांप्रमाणें देशांतील सुमारें ५४ टक्के शाळांतच इंटरनेटची सोय होती. म्हणजे जवळ जवळ निम्म्या शाळा ह्या सर्व चर्चेच्या बाहेरच बसल्या होत्या. अशा शाळेस अजूनहि पोस्टाचें तिकीट चालतें, आणि फ्रेनेचें काम त्यावरच झालें होतें.

जिल्हा परिषदेच्या शाळेस हें जमणार नाहीं, असा जो सूर शहरी मंडळी लावितात, त्यास महाराष्ट्रानें एकदां उत्तर दिलेलें आहे. सोलापूर जिल्ह्यांत माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या शाळेंत शिकविणारे रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० मध्यें 'ग्लोबल टीचर प्राइझ' हें दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक मिळालें, आणि त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतल्या इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. त्यांच्या ज्या कामांची तेव्हां वाखाणणी झाली त्यांत एक असें होतें, कीं भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाइन अशा एकमेकांशीं वैर असलेल्या देशांतील तरुण मुलांच्या जोड्या लावून त्यांस कित्येक आठवडे एकमेकांशीं बोलत ठेवावयाचें. आमच्या दृष्टीनें त्यांतला महत्त्वाचा शब्द 'आठवडे' हा आहे. पारितोषिकाची रक्कम सर्वांच्या लक्षांत राहिली. आठवडे कोणीं मोजले नाहींत.

कारण शेवटीं सर्व गाडें अडतें तें वेळापाशीं. आमच्या राज्यांतला शिक्षक निवडणुकीच्या याद्या करितो, सर्वेक्षणें करितो, खिचडीचा हिशेब ठेवितो, आणि दिवसाकाठीं मोबाइलवर किती माहिती भरून पाठवितो ह्याची गणती त्यालाहि नसते. खासगी शाळेंतल्या बाईंची दशा निराळी पण बरी नाहीं. त्यांना दर महिन्यास एक नवी ॲक्टिव्हिटी पूर्ण करून दाखवावयाची असते. पत्रव्यवहार हा पूर्ण होणारा प्रकार नव्हे. तो जूनमध्यें सुरू व्हावा, दिवाळीपर्यंत अडखळत चालावा, मध्यें एखादें उत्तर गहाळ व्हावें, दोन मुलांचें बिनसावें, आणि फेब्रुवारींत कोठें त्याला रंग चढावा, अशी त्याची जात आहे. त्यासाठीं आठवड्याचा एक तास वर्षभर राखून ठेवावा, तो कोणत्याहि सभेस वा स्नेहसंमेलनाच्या तालमीस देऊं नये, आणि त्याचें छायाचित्र काढूं नये, एवढें जरी एखाद्या मुख्याध्यापकानें ठरविलें तरी त्यास परदेशी प्रमाणपत्राची गरज पडणार नाहीं. त्या युरोपीय मुलीचा पत्ता शाळेच्या दप्तरीं असेलच. प्रश्न विचारून तिला दोन वर्षें झालीं आहेत. ज्या मुलानें 'मराठी' म्हणून तोंड उघडलें होतें तो आतां नववींत असेल, आणि अजूनहि त्याला उत्तर लिहितां येईल.